महमूद एकोणिसाव्यांदा मरतो

महमूदला सिंहानं खाल्लं, तेव्हा हाफिजाभाभीनं हातातला खजूर बशीत परत ठेवला.

"मेल्यांनी पुन्हा मारला," ती म्हणाली. मग पदर तोंडापुढे धरून काहीतरी पुटपुटली आणि टीव्हीच्या दिशेनं फुंकर मारली.

"एकोणीस," गुलजार म्हणाला. "पण भाभी, या खेपेस मरताना तोंड कॅमेऱ्याकडे होतं. म्हणजे दर्जा वाढला."

मस्कतमधल्या दार्सैतच्या त्या फ्लॅटमध्ये दर शुक्रवारी नमाज आणि माशाचं कालवण आटोपलं की हाच कार्यक्रम. गुलजारचा थोरला भाऊ, भाभीचा नवरा महमूद छप्पन साली रत्नागिरीहून खलाशी म्हणून निघाला. बोट अमेरिकेला लागली आणि हा पठ्ठ्या उतरला तो थेट हॉलिवूडात. तिथं त्याला कधी उंटवाला केला, कधी मेक्सिकन डाकू, कधी मिसरच्या बादशहाचा गुलाम. हॉलिवूडला सावळा माणूस एकच पुरतो, टोपी-पगडी तेवढी बदलायची. फक्त कुठल्याच पिक्चरमध्ये महमूद शेवटपर्यंत टिकला नाही. विहिरीत पडला, मगरीनं ओढला, हिरोनं तर सात वेळा गोळी घातली.

ओळखायची खूण म्हणजे तुटलेली डावी भुवई. पोरपणी होडीचा दोर लागून तुटलेली. एका पिक्चरमध्ये ती उजवी निघाली, तर गुलजार म्हणाला, "तिकडे आरशातून शूटिंग करतात." भाभीनं मान डोलावली. एवढी वर्षं घरी का आला नाही? पासपोर्ट कंपनीनं ठेवून घेतला. ज्याचा पासपोर्ट अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, कपाटात असतो, त्याला हे कारण लगेच पटतं. पण भाभीला ते ओमानात येण्याच्या कितीतरी आधी, गावातच पटलं होतं.

एवढंच ती दर वेळी विचारायची, "असा एखादा नाही का रे, ज्यात तो घरी जातो?"

"असेल, इन्शाल्ला. शोधतोय."

आणि तो खरंच शोधायचा. रुवीतले सीडीवाले त्याला लांबून बघूनच माना हलवायचे.

त्या शुक्रवारी चहा टाकायला तो स्वयंपाकघरात गेला, तर सून नौशीन हातात मोबाइल घेऊन उभी.

"अब्बा, बडीअम्मांना सरप्राइज द्यावं म्हणून बडेअब्बांना नेटवर शोधलं. हा बघा फोटो. भुवई तीच, माणूस तोच. नाव मात्र वेगळं. जन्म मेक्सिकोचा."

"पिक्चरमध्ये नाव बदलतात गं."

"आईबापसुद्धा बदलतात?"

मत्राच्या बंदरात देवमाशाला नावानं हाक मारून बोलावल्याचं ज्यानं चारचौघांत शपथेवर सांगितलं होतं, त्या गुलजारनं आता नुसता चमचा उचलला. त्यानं चहा ढवळला. साखर घातलीच नव्हती, तरी ढवळला.

"सत्तावन साली कंपनीचं पत्र आलं," तो हळूच म्हणाला. "महमूदभाई एडनजवळ बुडाला. घरात वाचता येणारा मी एकटा, वय एकोणीस. भाभी माहेरी गेलेली. भर पावसात गेली, तिथंच टायफॉइडनं धरली, ती थंडी पडल्यावर आली. हात असे वाळलेले की बांगड्या राहत नव्हत्या. तिला काय सांगू? पत्र चुलीत घातलं. तेव्हाच तंबूच्या थेटरात इंग्लिश पिक्चर लागलेला. त्यात एक उंटवाला होता, भुवई तुटलेला. मी तिला दारातच म्हणालो, भाभी, महमूदभाई सापडला."

"आणि गावात कुणी बोललं नाही?"

"माहीत एकट्या जहूरला. त्याच बोटीवरचा, भाभीच्या माहेरचा. त्याला गाठून कुराणावर हात ठेवायला लावला. मेला, पण तोंड उघडलं नाही त्यानं."

नौशीननं गॅस बंद केला. "बावीस वर्षांच्या होत्या त्या, अब्बा. दुसरा निकाह झाला असता, पोरंबाळं झाली असती. तुम्ही त्यांना सिंहाच्या तोंडी दिलेल्या माणसाची वाट बघत बसवलंत. आज सांगा. नाहीतर मी सांगते."

गुलजार बाहेर आला. भाभी टीव्हीसमोर बसून सीडी पदरानं पुसत होती, पाहुण्यांसाठी ठेवणीतली कपबशी पुसावी तशी.

"पुढच्या जुम्म्याला कुठला रे?"

"भाभी, तो महमूदभाई नाही."

"मग आणखी जुना आण एखादा."

"ऐक गं. कुठल्याच पिक्चरमध्ये तो नाही. तो बुडाला, सत्तावन साली. मी तुझं सगळं आयुष्य..." शहात्तर वर्षांचा माणूस लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. नौशीन दाराशी येऊन उभी राहिली.

भाभीनं सीडी डबीत घातली, झाकण लावलं. मग त्याचं डोकं जवळ ओढून केसांवरून हात फिरवला.

"रड. सत्तावन वर्षं वाट बघितली मी तुझ्या या रडण्याची," ती म्हणाली. "टायफॉइड कुणाला झाला होता? जहूर तुझ्या आधी माझ्याकडे आला होता. बांगड्या मीच उतरवल्या. माहेरच्या मागच्या खोलीत इद्दतीला बसले, नवरा गेल्यावर विधवेनं बसायचं तशी, चार महिने दहा दिवस. एकोणीस वेळा या टीव्हीसमोर गेलेल्या माणसासाठी पढतात ती फातिहा त्याच्यासाठी पढले, ती तुला फुंकर वाटली. इद्दत संपवून सासरी आले, तर तू दारात हसत उभा, भाऊ सापडला म्हणून. त्याला पुन्हा मी कशी मारू, गुलजार?"