उशीखालची फळं

उशी उचलली आणि वायरमन दचकून मागे सरला. चादरीवर मुंग्यांची रांग लागली होती. रांगेच्या टोकाला एक रुमाल. त्यात काळं ठिक्कर पडलेलं केळं, सफरचंदाच्या तपकिरी फोडी आणि चेपून सपाट झालेली थोडी द्राक्षं.

धाकटी दारातच उभी होती. अनाथालयातून वायरमनच्या घरात येऊन तिला जेमतेम महिना होत होता. नाव मात्र पहिल्याच दिवशी चिकटलं होतं, कारण घरात एक थोरला आधीपासून होता. ती रुमालाकडे बघतच नव्हती. वायरमनच्या चेहऱ्याकडे बघत होती.

मुंग्यांचं त्याला काही नव्हतं. पण रोज संध्याकाळी कामावरून येताना तो पिशवीभर फळं आणायचा, दुकानदार वैतागेपर्यंत एकेक निवडून घ्यायचा, आणि ते सगळं हिच्यासाठी. तेच आता मनाला लागलं.

"अगं, इथे तुला उपाशी ठेवतंय का कुणी?" तो म्हणाला. आवाज नको तेवढा चढला.

पोरगी एवढीशी झाली. "पुन्हा नाही ठेवणार," ती पुटपुटली. "पण मला परत पाठवू नका."

तेवढ्यात ओले हात पुसत मुलांची आई आली. तिने मुंग्या बघितल्या, रुमाल उचलून वास घेतला आणि नाक मुरडलं.

"केळं असं ठेवतात होय? सडणारच की ते! चल, टिकवायचं कसं ते दाखवते."

"अगं, हे लपवणं तू तिला आणखी शिकवणार?" वायरमन बायकोकडे बघतच राहिला.

"हो. आणि तूही हात धुऊन ये. नुसता उभा राहू नकोस."

ओट्यावर सफरचंदं आणि केळी मांडली गेली. आई पातळ चकत्या कापायची, थोरला त्या लिंबाच्या पाण्यात बुडवायचा, धाकटी फडक्याने टिपून जाळीवर एकेक मांडायची. एकीला दुसरी लागू द्यायची नाही, असं आईने एकदाच सांगितलं होतं. धाकटी ते इतकं मनावर घेऊन करत होती की जीभ दातांत धरली गेली होती. ओव्हन वायरमनकडे. आच अगदी मंद, आणि वाफ निघून जावी म्हणून दार जरासं किलकिलं.

"लोकांच्या ओव्हनला जन्मभर प्लग बसवले," तो म्हणाला, "पण ओव्हनची राखण करायची वेळ आज आली."

"बुडवतोस किती आणि गिळतोस किती रे?" आईने थोरल्याच्या हातावर चापट मारली.

"चव बघतोय."

"चव बघता बघता ढेकर दिलास की!"

धाकटीच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. मग तिने हळूच विचारलं, "हे सडत नाही?"

"सडतं ते पाण्यामुळे. पाणी उडालं की झालं. गार करायचं, कोरड्या बरणीत भरायचं, झाकण गच्च लावायचं. मग कितीतरी दिवस बघायला नको."

"आणि बरणी कुठे ठेवायची?"

आईने नवऱ्याकडे बघितलं.

वायरमनला कळायला जरा वेळ लागला. मग तो ओव्हनपुढेच उकिडवा बसला आणि धाकटीला म्हणाला, "तुझ्या उशीपाशी. बरणी तुझी. तुला विचारल्याशिवाय कुणी हात लावणार नाही. मीसुद्धा नाही."

"मी पण नाही?" थोरला भरल्या तोंडाने ओरडला.

"तू तर मुळीच नाही!"

दुपार कलेपर्यंत घरभर गोड वास सुटला. चकत्या आक्रसल्या, चिवट झाल्या. आजोबांच्या कानांसारख्या दिसतात, असं थोरल्याने जाहीर केलं. धाकटीने बरणी स्वतः भरली, झाकण दोनदा फिरवून बघितलं आणि दोन्ही हातांनी छातीशी धरून खोलीत नेली.

त्यानंतर वायरमन येता-जाता बरणीकडे डोकावायचा. बरणी भरलेली ती भरलेलीच.

"एक चकती खात नाही गं ती," तो बायकोकडे कुरकुरायचा.

"असू दे. तू लक्ष नको देऊस."

मग एका संध्याकाळी जेवताना थोरल्याने आईला उलट उत्तर दिलं. वायरमन असा काही ओरडला की पोरगं भरल्या ताटावरून उठून खोलीत गेलं. पाठोपाठ धाकटीही सटकली.

राग उतरल्यावर त्यालाच कसंतरी व्हायला लागलं. ताट उचलून तो खोलीकडे गेला. दार लोटलेलं होतं. फटीतून त्याला दोघं दिसली. थोरला मुसमुसत होता. मध्ये बरणी, तिचं झाकण बाजूला काढून ठेवलेलं.

"तुझं नको मला," थोरला म्हणाला.

"खा रे. मीच देतेय ना."

त्याने एक घेतली. मग दुसरी. मग मूठभर. धाकटीनेही एक तोंडात टाकली. बरणी भराभर खाली जायला लागली, तसा थोरलाच थांबला.

"संपतील सगळ्या."

"संपू देत," धाकटीने त्याची समजूत घातली. "इथे संपलं की पुन्हा करतात."

वायरमन ताट घेऊन पाय न वाजवता मागे फिरला.

"का रे? जेवत नाही म्हणतोय?" आईने विचारलं.

"जेवतोय," तो म्हणाला, आणि टोपलीतली सफरचंदं काढून धुवायला घेतली.