दगड पडेल तिथंच जड

"डोळ्याखालचं निळं उतरलंय की," बुरुलचानं चहात साय घालून घेतली. "आता चल घरी."

मीरिमनं सासूकडे पाहिलंही नाही. माहेरी येऊन बारा दिवस झाले होते. बाळ मांडीवर झोपलं होतं.

आईनं तळलेल्या बोरसोकांची थाळी विहिणीपुढे सरकवली. "मी तर हिला रोज सांगतेय, विहीणबाई. भांड्याला भांडं लागायचंच."

"तुझा नवरा उरमात तापट आहे, वाईट नाही," शेजारची कुलियपा म्हणाली. "आमच्या ह्यांनी काय कमी हाणलंय मला? मोडले का मी?" ती हसली. आईही हसली.

मीरिमला ना राग आला, ना रडू. परवापर्यंत येत होतं.

"दगड पडेल तिथंच जड होतो, पोरी," बुरुलचा म्हणाली. "मी चाळीस वर्षं पडलेय एकाच जागी."

तिचं डावं मनगट वाकडं बसलेलं होतं. ते कशानं, हे सासरी कुणी कधी बोलत नसे.

निघताना तिनं सुनेचा पासपोर्ट मागून घेतला, बाळाचा जन्मदाखलाही. "दवाखान्यात मागतात, लसीच्या वेळी."

"घ्या, घ्या! पोरगीच तुमची, कागद ठेवून मी काय करू?" आईचा जीव भांड्यात पडला.

दारात बुरुलचानं स्वतःच्या हातानं सुनेच्या डोक्याला पांढरा रुमाल बांधला. गल्लीतल्या बायका बघतच होत्या. "सासू असावी तर अशी! स्वतः न्यायला आली." गावाला काय, तमाशा मिटला की झालं.

बाळाला घेऊन दोघी फाट्यापर्यंत चालत गेल्या. ऐन उन्हाळा, तरी सासूच्या अंगात हिवाळी कोट होता आणि खांद्याला फुगलेली पिशवी. म्हातारपणी थंडी वाजत असेल.

फाट्यावर दोन गाड्या उभ्या होत्या. उजवीकडची सासरच्या गावाची, डावीकडची घाटापलीकडे लांब शहरात जाणारी. मीरिम मुकाट्यानं उजवीकडे वळली. उरमात घरी असेल, जेवायला थांबला असेल.

वाकड्या मनगटाच्या हातानं तिचं कोपर घट्ट धरलं.

"बिश्केक," बुरुलचानं डावीकडच्या ड्रायव्हरला सांगितलं. "दोन सीट. बाळ मांडीवर बसेल."