गव्हातली लाल फुलं

ललिताबाईंच्या शेतातल्या बांधीत पोलीस पाटील पुंडलिकराव उभे होते आणि गव्हाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. वाकून, मोबाईल आडवा धरून ते एका लाल फुलाचा फोटो काढत होते.

"ललिताबाई, ही अफू होय. फोटो ठाण्यात पाठवा लागन."

अफू लावणाऱ्याला जेल होते, हे गावात पोराटोरांनाही ठाऊक. पण फुलं ललिताबाईंनी लावलीच नव्हती. दिवाळीनंतर धान कापायला पंजाबचं हार्वेस्टर आलं, याच कोपऱ्यात आतला भुसा-कचरा झाडून पुढच्या गावाला गेलं. होळीच्या सुमाराला नेमकी तेवढ्याच जागेत ही फुलं गव्हातून वर आली. मान खाली घातलेली केसाळ कळी पहाटे ताठ होई. उन्हं चढेस्तोवर, गाठोड्यातून काढलेल्या लुगड्यासारख्या चुरगळलेल्या पाकळ्या उलगडत, आणि दुपारच्या वाऱ्याला गळूनही जात. शेताच्या कडेला धुऱ्यावरचा पळसही लालच, पण तो दरवर्षीचा. ही फुलं त्यांना फार आवडली. निंदताना त्यांनी तेवढी हात न लावता सोडली होती.

"मी नाई लावली जी पाटील! आत्ताच उपटून फेकतो."

"हात नका लावू. पुरावा होय तो." पाटलांनी स्वतः मात्र एक हिरवं बोंड मोडलं. पांढरा चीक आला. "पाहा, दूध! आता बोला."

"दूध तं रुईलेबी असते," शेजारच्या धुऱ्यावरून आवाज आला.

चंद्रभागाबाई तिथे चिवळीची भाजी खुडत बसल्या होत्या. ऐंशी कधीच ओलांडलेली, डोळ्यांना धड दिसत नाही. काठी टेकत त्या बांधीत उतरल्या, चाचपत एक देठ धरला आणि त्यावरून बोंडापर्यंत अंगठा फिरवला.

"लव लागते हाताले. अफूचा देठ चिकना असते, बापू. अन् बोंड लिंबाएवढं. हे तं बोराएवढंबी नाई."

"ठाण्यात इचारलं तं काय सांगू, मायबाई? तुमाले कसं मालूम?"

"धानाच्या रोवणीत बाया चिखलात, लेकरं धुऱ्यावर. लेकरू रडलं का रोवणी थांबे. मंग मीच सुईच्या टोकावर अफू घेऊन चाटवो. दिवसभर झोपून राहत. तुही माय तुलेबी आणे माह्यापाशी."

ललिताबाईंना हसू आवरेना. पुंडलिकरावही हसले, मग त्यांनी फोटो पुसून टाकला आणि मोबाईल खिशात घातला.

"म्हणजे मस्त झोपा काढल्या म्हणा आमी!"

चंद्रभागाबाईंनी देठ सोडला. बोटं पदराला पुसली.

"तुले जाग आली, बापू," त्या म्हणाल्या. "माह्या पोरीले नाई आली."