धरलेली जागा

बनारसच्या रामनगरमधल्या पार्कात आकाशपाळण्यासाठी हिमानीने दोन एक्स्प्रेस तिकिटं काढली, स्वतःचं आणि आठ वर्षांच्या लेकीचं, ऋताचं.

प्रतीक्षा: ५ मिनिटं.

रांगेत पुढची बाई चक्क मराठीत म्हणाली, "ताई, माझी जागा धरता? आलेच."

बनारसात, घराबाहेर, मराठी! हिमानी खुलली. "धरते की."

बाई कठड्याखालून गेली. ऋताही पाणी प्यायला तिच्यामागे धावली.

प्रतीक्षा: ५ मिनिटं.

मागचे लोक बाजूने पुढे सरकत राहिले. हिमानीचा पाय उचलेना.

प्रतीक्षा: ५ मिनिटं.

पाळणा खाली आला. त्यात ऋता होती, शेजारी ती बाई.

"ऋता!" हिमानी ओरडली.

ऋताने वाकून पाहिलं. मग त्या बाईला बिलगली.

"आई, त्या मावशी अजून आपली जागा धरून उभ्यात."