शी गो टू स्कूल

अर्धांगाचा झटका येऊन तीन महिने झाले, तरी गुंजाळ सरांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. तीस वर्षं इंग्रजी व्याकरण शिकवलेला माणूस नुसता भिंतीकडे बघत पडून राहायचा. "जितका उशीर, तितकं अवघड. त्यांना बोलतं करा," डॉक्टर म्हणाले होते.

सरांच्या पत्नी प्रमिलाबाईंनी सगळं करून पाहिलं. नातवाच्या खोड्या सांगितल्या, अभंग म्हटले, भांडल्या, शेवटी पायाही पडल्या. काहीच होईना. मग त्यांनी सरांचंच व्याकरणाचं पुस्तक काढलं. स्वतः जेमतेम सातवी शिकलेल्या. डोळ्यांतल्या पाण्यातून अक्षरं जुळवत वाचू लागल्या.

"शी... गो टू स्कूल."

सरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. डावा हात चादरीवर आपटू लागला, ओठ वेडेवाकडे झाले.

"अहो, काय होतंय? पाणी देऊ का?"

"गो... गोज्!"

बाई थिजल्या. त्यांनी पुस्तकात पाहिलं. शेवटची अक्षरं त्यांच्याकडून वाचायची राहिली होती.

पुढचं वाक्य त्यांनी आधी मनात दोनदा नीट वाचलं. मग मुद्दाम चुकवून मोठ्याने म्हणाल्या, "ही ईट मँगो," आणि नवऱ्याच्या ओठांकडे बघत राहिल्या.