निळ्या टपरीसमोर

मुलांनो, पुढची गोष्ट शंभरच शब्दांची आहे, म्हणून तिच्याआधीचं थोडं तुम्ही डोळ्यांसमोर आणा. तुम्ही नऊ वर्षांची सेरवा आहात. घाना देशातल्या कुमासी शहरातल्या आमच्या गल्लीत घरांना नंबर नाहीत; तुमचा पत्ता कुणी विचारला, की सगळे म्हणतात, “निळ्या टपरीसमोर.” गल्लीच्या तोंडाशी असलेली ती टपरी तुमच्या आईची. आई बाजारात गेली आहे. घरात फक्त आजोबा आहेत, आणि त्यांच्या छातीत कळ आली आहे. फोन तुमच्या हातात आहे.

“खूण सांग, बाळ,” रुग्णवाहिकेच्या कचेरीतली बाई फोनवर म्हणाली. “निळ्या टपरीसमोर,” सेरवा म्हणाली. बाईच्या सांगण्यावरून तिने आजोबांना भिंतीला टेकवून बसवलं. सायरनचा आवाज जवळ आला आणि तसाच पुढे गेला. परत आला, पुन्हा गेला. तेव्हा तिला आठवलं, आईने कालच टपरी गुलाबी रंगवली होती. “आजोबा, तुमचं निळं कापड द्या.” अंगावरच्या त्या कापडाशिवाय आजोबांना गल्लीने कधी पाहिलं नव्हतं. “म्हातारपणी उघडं पाडतेस होय,” ते पुटपुटले, पण त्यांनी मूठ सोडली. सेरवाने कापड टपरीवर टांगलं. गाडी थांबली. “निळी टपरी शोधून डोळे पांढरे झाले आमचे,” स्ट्रेचर उतरवत परिचारिका म्हणाली. दारात सगळी गल्ली जमली होती. आजोबांना बाहेर नेण्याआधी सेरवा टपरीकडे धावली. तिने कापड उतरवलं आणि आजोबांच्या अंगावर खांद्यांपर्यंत नीट पांघरलं.