नवसाची चप्पल

नाथादादाला डॉक्टर करायचं होतं, म्हणून ते वर्षभर आमच्या घरात कुणी आजारी पडायचं नाही, असं ठरलं होतं. अठ्ठ्याऐंशी साली बारावीला त्याचे मार्क कमी पडले, आणि तो पुन्हा परीक्षेला बसला. त्याचा मेडिकलला नंबर लागेपर्यंत पायात चप्पल घालणार नाही, असा आईनं नवस केला. कुळगावच्या बाजारातून अनवाणी येताना तिच्या पायात काच घुसली. तिला डायबेटिस. जखम भरेना, मग काळी पडायला लागली. मी दवाखान्याचं नाव काढलं की ती आतल्या खोलीकडे बघायची. आत दादा रक्ताभिसरणाचा धडा मोठमोठ्यानं पाठ करत असायचा.

"हळू बोल. नाथा वाचतोय."

त्याचा शेवटचा पेपर झाला, तेव्हा कुठे तिला दवाखान्यात नेलं.

ऑगस्टमध्ये दादाचा नंबर लागला. नवस फेडायला त्यानं उल्हासनगरहून नवी चप्पल आणली. आईनं खाटेवर बसल्या बसल्या एक हौसेनं पायात घातली. दुसरी हातात धरून म्हणाली, "ही कशाला आणलीस रे?"

दादा म्हणाला, "एकच देत नाहीत, आई."